मागच्या पडवीतली ठकू

ठकू, हे नाव या घरात कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. यांची तू जानकी. थोरली सून जानकी, खालमानेची, शब्दाला शब्द न देणारी. तू गेलीस त्या दिवसापासून आळीतल्या बायका दारात येऊन एकच बोलून जात होत्या, "भाग्याची हो जानकी, कुंकवानिशी गेली." मला एकेकीला धरून विचारावंसं वाटत होतं, की भाग्य कशाला म्हणता, बाई? तिशी उलटायच्या आत तापाने फणफणून मरण्याला? पण मी धाकटी सून. खांबाला टेकून उभी राहिले. तू असतीस तर लुगड्याच्या निऱ्यांआडून माझ्या पायाला चिमटा काढला असतास आणि दोघींना हसू आवरणं कठीण झालं असतं.

तू नेहमी म्हणायचीस, "यमू, तुझा आवाज म्हणजे तापल्या तव्यावर पाणी. जरा खाली घे." आता घेणार नाही. आता मी घरातसुद्धा तुला मनातल्या मनात ठकू म्हणते, तू म्हणते. बघू कोण काय करतं ते.

आपलं घर पंचवटीतलं, घाटाच्या वरच्या अंगाचं, तीर्थोपाध्यायांचं. दूरदूरच्या यात्रेकरूंना वाटतं, काय पुण्यवान बायका या, गोदामाईच्या मांडीवर नांदताहेत! मांडी कसली, चूल. माळव्यातले यजमान येवोत, वऱ्हाडातले येवोत, पानं आपण मांडायची, पुरणं आपण वाटायची, आणि ती माणसं दक्षिणा देऊन, आशीर्वाद घेऊन पुढच्या दाराने निघून जायची. त्या पुढच्या दाराने आपण फक्त एकदा आत आलो, माप ओलांडून. गोदा मला दिसायची ती पहाटेच्या काळोखात, सासूबाईंच्या पाठोपाठ, मान खाली घालून, ओल्या लुगड्याने परत येताना. माहेरी पिंपळगावला, आग्रारोडच्या कडेला, मी गाड्यांच्या मागे धावणारी पोर. इथे आले आणि पायांना धावायचं कसं तेच विसरायला झालं.

आणि त्यात ती पडवी. घराच्या मागे, गोठ्याला लागून, फळ्या ठोकून केलेली. महिन्यातले तीन दिवस बसायची जागा. चौदा वर्षांची मी, लग्न होऊन नुकती आलेली, पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा मार्गशीर्षातली थंडी होती. नाशिकची थंडी, हाडांत शिरणारी. सासूबाईंनी लांबून एक घोंगडी टाकली, सासऱ्यांच्या बहिणीने, आत्याबाईंनी, वरून पत्रावळीवर भाकरी टाकली, आणि दार लोटलं. गोठ्यात गाय हलली तरी मला वाटे कुणी आलं. मी तोंडात पदर कोंबून रडत होते. तेवढ्यात दार करकरलं आणि तू आत आलीस, काखेत तुझी घोंगडी.

"सरक तिकडे. मलाही कावळा शिवला."

मी खुळी, डोळे पुसत म्हणाले, "पण तुम्ही तर आठ दिवसांपूर्वीच न्हायलात ना?"

तू झडप घालून माझ्या तोंडावर हात ठेवलास. तुझ्या तळव्याला हळदीचा आणि राखेचा वास होता. "चूप! कावळ्याला काय मोजता येतं? मोठ्याने बोललीस तर दोघींचं मरण आहे."

आतून सासूबाईंचा आवाज आलाच. "महिन्यात दोनदा बसते ही! कूस उजवायची तरी कशी हिची!"

तुझा हात माझ्या तोंडावर क्षणभर जड झाला. मग तू तो काढलास आणि म्हणालीस, "झालं. मिळाली शिवी. आता तीन दिवस पक्के आपले." त्या शिवीची किंमत मला तेव्हा कळली नाही. तुला मूल नव्हतं. दर महिन्याला तू पडवीकडे निघालीस की सगळं घर तुझ्या पाठीकडे बघायचं. आणि एका रडक्या, कालच्या पोरीला सोबत म्हणून तू ते बघणं एकदा जास्त ओढवून घेतलंस. पुढेही कितीदा तरी घेतलंस.

त्याच दिवशी तू कायदा घालून दिलास. "इथे मला तुम्हीबिम्ही म्हणायचं नाही. इथे कोण थोरली, कोण धाकटी? विटाळ दोघींचा सारखाच. माहेरचं नाव काय तुझं?"

"यमू."

"मी ठकू."

लग्नानंतर माझं नाव रमा झालं होतं. कित्येक दिवसांत यमू अशी हाक ऐकली नव्हती. तू उगाच दोनचारदा म्हणून दाखवलंस, "यमू, ए यमू, ऐकलंस का यमू," आणि मी रडता रडता हसले.

ठकू, लोक सुख म्हणतात ते काय असतं मला माहीत नाही. दागिने म्हणशील तर सणावारी अंगावर चढतात आणि रात्री सासूबाईंच्या पेटीत जातात. पण पाय पसरून बसणं! या घरात सुनेने पाय पसरलेले कुणी बघितलेत? पडवीत आपण भिंतीला टेकून पाय लांब सोडायचो आणि सकाळचं ऊन फळ्यांच्या फटींतून पायांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडायचं. तू बोटं हलवायचीस आणि म्हणायचीस, "बघ, झेब्र्याचे पाय." झेब्रा तू कधी पाहिला होतास गं? सर्कशीच्या जाहिरातीवर, म्हणालीस. मग सावकाश जेवणं. एरवी आपण सगळ्यांच्या मागून, उष्टी खरकटी डोळ्यांसमोर ठेवून, दोन घास कोंबणार. पडवीत कुणाला घाई नव्हती. आपला स्पर्श कुणाला नको होता, म्हणून आपल्याला कुणी हाकही मारत नव्हतं. शेजारच्या पेरूची एक फांदी भिंतीवरून आत यायची. तू पदराच्या गाठीत मीठ बांधून आणायचीस. दातांनी पेरू तोडायचा, मीठ लावायचं आणि बिया थुंकायच्या, जिच्या लांब जातील ती जिंकली. तू नेहमी जिंकायचीस. वर तोंड वाकडं करून मला चिडवायचीस, "पिंपळगावच्या पोरींना थुंकताही येत नाही!"

फळीला एक भोक होतं. बसल्यावर नेमकं डोळ्यांशी यायचं. त्यातून घाटाच्या चार पायऱ्या दिसायच्या. सगळी नदी नाही, सगळा घाट नाही, चारच पायऱ्या. आपण पाळीपाळीने डोळा लावायचो. "एक जाडा येतोय, पंचा सुटत आलाय," तू सांगायचीस. "सुटला?" "नाही गं, पकडला मेल्याने." त्या चार पायऱ्यांवर आपण जितकी माणसं पाहिली तितकी पुढच्या ओटीवरून सासऱ्यांनीही पाहिली नसतील.

आणि सागरगोटे. पाच, राखी रंगाचे, हात लागून लागून गुळगुळीत झालेले. वाशावर, कौलाखाली, चिंधीत गुंडाळून लपवलेले. मी विचारलं, तुझे का? तू म्हणालीस, "छे, मला इथेच सापडले. मी आले तेव्हाच होते." म्हणजे कुणाचे? आत्याबाई तर लहानपणी विधवा झाल्या, त्यांचे असतील का? की सासूबाईंचे? सासूबाई मांडी घालून सागरगोटे झेलताहेत, हे तू नाक वर करून करून दाखवलंस आणि आपण दोघी घोंगडीत तोंड खुपसून हसलो. पोटात दुखायला लागलं. आत मात्र आवाज गेला असणार, कारण दुसऱ्या महिन्यात बोल ऐकला, "दोघींना एकदमच बरा कावळा शिवतो!"

माझ्या दोन बाळंतपणांत मी पडवीत येईनाशी झाले. तू एकटी बसायचीस. मी पाणी घालायच्या निमित्ताने यायची, उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहायची, आणि तू पलीकडून म्हणायचीस, "झेलते बघ, मोज." मी मोजायची. मध्ये एक उंबरा, आणि तो ओलांडायचा नाही. मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की घरात आपण एकमेकींना शिवतच नाही. मी सोवळ्यात असले तर तू लांब. तू सोवळ्यात असलीस तर मी लांब. दोघी सोवळ्यात असलो तर सासूबाई समोर. इतकी वर्षं एका चुलीशी राहिलो, पण तू माझ्या केसांतून बोटं फिरवलीस, डोक्यातलं कोंडलेलं सगळं ऐकून घेतलंस, ते फक्त जिथे आपण विटाळाच्या होतो तिथे.

पण मी तुझ्याशी भांडतही होते, ते का लपवू? मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग भांडण घेऊन मी जाऊ कुठे?

मी म्हणायची, "ठकू, हे काय सुख आहे? पिंजऱ्यातल्या पोपटाला डाळिंबाचा दाणा! खुशाल चोच मारतोय बिचारा." तू म्हणायचीस, "दाणा गोड लागतो की नाही, तेवढं सांग." मी म्हणायची, "उद्या मी पुढच्या दाराने चालती होणार." तू म्हणायचीस, "जा की. आणि जेवायला कुठे येशील?" आणि पुन्हा हसायला लागायचीस. मला तुझ्या त्या हसण्याचा राग यायचा. आजही येतो.

तुझ्या आजारपणाच्या थोडंच आधी आळीत बायकांसाठी दुपारचा वर्ग निघाला, शिवणकामाचा आणि वाचनाचा. मी ठरवलं, उघड विचारायचं. तुला पडवीत बजावून सांगितलं होतं, "मी बोलेन, तू फक्त हो ला हो कर." दुपारी सासूबाई सुपारी कातरत होत्या. मी म्हणाले, "आम्ही दोघी वर्गाला जाऊ का? तासाभरात येऊ." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्याकडे बघितलं. "तुलाही जायचंय का गं?" आणि तू, ठकू, तू खाली मान घातलीस. अडकित्ता कच्चकन वाजला आणि विषय संपला.

मी दोन दिवस बोलले नाही. नंतर विहिरीवर तुला गाठून म्हणाले, "तुला काय, तुझं सगळं त्या पडवीत भागतं. तुला बाहेर जायचंच नाही." तू घागर डोक्यावर घेतलीस आणि म्हणालीस, "सांगेन कधीतरी. पडवीत बसू तेव्हा." ते बसणं पुन्हा आलं नाही. काय सांगणार होतीस? भीती वाटली का? वर्गाला गेलो असतो तर पडवीवर डोळा ठेवला असता, आहे तेही काढून घेतलं असतं, असं वाटलं का? की खरंच तुला त्या चार पायऱ्याच पुरत होत्या? मी एकटीच तुझ्या वतीने उत्तरं देत बसते आणि एकही पटत नाही.

मग श्रावणात ताप आला. सोमवार, घरात यजमान उतरलेले, मी पहाटेपासून सोवळ्यात. तू माजघरात अंथरुणावर. ताप डोक्यात गेला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघायची आणि परत चुलीकडे पळायची. एकदा बघितलं तर तुझा हात पांघरुणावर हलत होता. वर उडायचा, उलटा व्हायचा, पुन्हा खाली. आत्याबाई म्हणाल्या, "भ्रम झालाय हो, हात झाडतेय." भ्रम कसला! तू झेलत होतीस. मला स्पष्ट दिसलं. मी दारातूनच म्हणाले, "येते हं, पानं वाढून झाली की लगेच येते." तू माझ्याकडे बघितलंस. ओळखलंस असं मला वाटतं. पानं वाढून, उचलून, शेण फिरवून मी आले तोवर तुझे डोळे मिटले होते. पुन्हा उघडले नाहीत. सोवळ्यात होते म्हणून मी तुला शिवले नाही. कुणाच्या पोटात पुरणपोळी वेळेवर जावी म्हणून. हा राग मी कुठे ठेवू, सांग. त्या पडवीत मावणार नाही इतका आहे तो.

तुळशीचं लग्न लागलं आणि थोरल्या भावजींचंही ठरलं. इतक्यात? मी तोंडावर पदर घेतला म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. मुलगी मनमाडची, बाप रेल्वेत. सोळा वर्षांची. लग्नात तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला. चांदीच्या एवढ्याशा पत्र्यावर तुझी आकृती ठोकलेली, दोन डोळे, दोन हात, लुगड्याच्या चार रेघा. ठकू, मेलीस तरी सुटली नाहीस गं! त्यांनी तुला पत्र्यावर ठोकून परत याच घरात आणली, दुसरीच्या गळ्यात अडकवून. आणि नाव? थोरल्या सुनेचं नाव जानकीच असतं म्हणे आपल्याकडे. तीही जानकी.

पुढचं ऐक. थोरल्याची बायको ती थोरली. मी पंचवीस वर्षांची, दोन मुलांची आई, ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि सासूबाई म्हणाल्या, "धाकटे, जाऊबाईंच्या पाया पड." मी पडले. पण जाऊबाई म्हटलं नाही. "तोंडाला खीळ बसली का?" म्हणाल्या. बसली म्हटलं मनात. जाऊबाई माझी एकच. मी शपथ घेतली की या पोरीशी कामापुरतं बोलायचं. पीठ कुठे, पळी कुठे. तिने तुझ्या जागी बसायचं, तुझा पाट घ्यायचा, तुझ्या घागरीने पाणी आणायचं, आणि वर मी तिला मान द्यायचा? नाही जमायचं.

तीही काही बोलायची नाही. एकदा भाजी निवडताना इतकंच म्हणाली, "इथे गाड्या ऐकूच येत नाहीत हो. मला गाडीच्या आवाजाशिवाय झोप येत नाही." मी म्हणाले, "होईल सवय." आणि उठून गेले. उठून गेले, पण ते वाक्य पाठीला चिकटून आलं.

काल ती बाजूला बसली. पहिल्यांदा, या घरात. सासूबाईंनी लांबून घोंगडी टाकली, आत्याबाईंनी वरून पत्रावळीवर भाकरी टाकली, दार लोटलं. तीच थंडी. मी परसात भांडी घासत होते. फळ्यांच्या आतून आवाज येत होता, तोंडात पदर कोंबल्यावर येतो तसा. मी राख जास्त घेतली, भांडं जोरात घासलं. आवाज थांबेना. मी आठ दिवसांपूर्वीच न्हायले होते, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. आज यजमान उतरायचे होते. दोघी सुना बसल्या तर दोघी म्हाताऱ्यांनी चुलीशी उभं राहायचं, आणि मग माझ्या नावाने काय शंख होणार तेही मला ठाऊक. आणि मुख्य म्हणजे मी तुला मनातल्या मनात शब्द दिलेला, की तुझ्या जागी मी कुणाला बसू देणार नाही.

पण तू तरी कुणाला विचारून माझ्याजवळ आली होतीस? मीही तर कालची पोर होते. तुझी कोण लागत होते मी?

मी भांडी तशीच टाकली. स्वयंपाकघराच्या दाराशी, लांब उभी राहिले आणि म्हणाले, "मी बाहेरची झाले." सासूबाईंनी नुसतं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता मोजतील. त्यांच्या हातात पळी होती, ती त्यांनी कढईवर ठेवली आणि तोंड फिरवलं. मी घोंगडी घेऊन पडवीत आले.

ती दचकून मागे सरकली. अंधारात टाक तेवढा चमकत होता. नाक लाल, डोळे सुजलेले.

"सरक तिकडे," मी म्हणाले. "मलाही शिवला. आणि इथे मला तू म्हणायचं. माहेरचं नाव काय तुझं?"

"बनू," ती म्हणाली. मग मोठ्याने, खुळ्यासारखी, "पण तुम्ही तर परवाच्या शुक्रवारीच..."

मी झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तळव्याला राख होती, ती तिच्या गालाला लागली. दुसरा हात मी वर वाशावर नेला, कौलाखाली. चिंधी तिथेच होती, तू ठेवलीस तशी. आतून सासूबाईंचा आवाज आला, "दोघींना एकदमच बरा कावळा शिवतो!" पण ठकू, त्या आवाजात नेहमीची धार नव्हती, की मलाच तसं वाटलं, देव जाणे.

आता ऐक. वर्गाचं मी सोडलेलं नाही. पुन्हा विचारणार आहे, आणि या खेपेला हो ला हो करणारी तयार करणार आहे. तुझं माझं भांडण मिटलेलं नाही, ते मी वर आल्यावर पुढे चालवू. पण डाळिंबाचा दाणा गोड होता, ठकू. ते तुला सांगायचं राहिलं होतं. फार गोड होता.

बनूच्या तोंडावरचा हात मी अजून काढला नव्हता. तो हलायला लागला. मला वाटलं पुन्हा रडतेय. हात काढला, तर हसत होती.